लोकरीची शेंग

तो दार ढकलून आत आला आणि टेबलाभोवतीच्या पाचही जणांनी आपापले डबे झाकले. कुणी कुणाला खूण केली नव्हती. एकाने झाकण ठेवलं, टायपिस्टबाईंनी शेजारचं वर्तमानपत्र डब्यावर ओढलं, आणि ज्याला सगळं ऑफिस रेडिओ म्हणायचं त्या सर्व्हेअरने तर तोंडातला घास गालात तसाच धरून ठेवला आणि त्याच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. एका बाजूने फुगलेलं ते हसू. तो जुन्या नकाशांच्या खोलीची किल्ली घ्यायला आला होता. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती. ती त्याने काढली, ‘चालू द्या’ असं आपल्या नव्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि बाहेर पडला. दार त्याच्यामागे सावकाश लागलं. मग आतून झाकणं निघाल्याचे आवाज आले. आधी एक, जरा वेळाने दुसरं, मग सगळी. रेडिओ काहीतरी बोलला, पण हळू आवाजात, आणि रेडिओ हळू बोलतो हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

पाणीपुरवठ्याच्या आरेखन विभागात त्याची सव्वीस वर्षं झाली होती. मधले पाच महिने तो नव्हता. घशातली गाठ काढली, मग तेहतीस वेळा यंत्राखाली झोपवून किरण दिले, आणि आता त्याचं सगळं खाणं बेंबीच्या वर बसवलेल्या एका बारीक नळीतून थेट पोटात जात होतं. हे त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, एखादी जलवाहिनी दुरुस्तीसाठी बंद ठेवून पाणी दुसरीकडून वळवलं आहे, हे जसं सांगावं तितक्याच कोरडेपणाने. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आज नववा दिवस. नकाशांच्या खोलीत दोन कपाटांच्या मध्ये स्टूल ठेवून तो बसला, शर्टाची दोन बटणं काढली, नळीचं टोपण उघडलं आणि पांढरं पातळ औषधी अन्न पिचकारीने हळूहळू आत सोडू लागला. पोटात गार काहीतरी पसरत गेलं. भूक जाते, पण जेवल्यासारखं वाटत नाही. भूक नुसती बंद होते, खोलीतला दिवा घालवावा तशी. या प्रकाराला कोणतं क्रियापद लावायचं हे घरात अजून ठरलं नव्हतं. बायको ‘तुमचं झालं का?’ एवढंच विचारायची आणि तो ‘झालं’ म्हणायचा.

राग आला असता तर बरं झालं असतं. कुणी हसलं असतं, कुणी नाक मुरडलं असतं, तर त्याच्यावर चिडता आलं असतं. पण त्यांनी हे काळजीपोटी केलं होतं. आणि तो आता असा माणूस झाला होता की ज्याला बघून लोक आपलं सुख झाकतात. ह्याच टेबलावर एके काळी सगळे डबे आधी त्याच्यापुढे सरकायचे. रेडिओ म्हणायचा, मालक, तिखट बघा जरा, आणि तो एक घास घेऊन, डोळे बारीक करून, तिखट बरोबर आहे पण तुझ्या बायकोचा आज कुणावर तरी राग आहे, असं काहीतरी म्हणायचा आणि हशा व्हायचा. खाणं हा त्याचा हौसेचा विषय होता. खाण्याबद्दल बोलणं त्याहून जास्त. त्याने पिचकारी धुतली, नळीला टोपण लावलं, बटणं लावली. समोरच्या कपाटात ट्रेसिंग-कापडाच्या सुरळ्या उभ्या होत्या, कित्येक त्याने स्वतः शाईने काढलेल्या. त्यांच्याकडे बघत तो दहा मिनिटं नुसता बसून राहिला. हात मोकळे होते. आजारपणात त्याला ज्याची सवय झाली नव्हती ते हेच, हातांचं मोकळं असणं. जेवायला माणसाचा किती वेळ जातो, निवडण्यात, चिरण्यात, कालवण्यात, बोटं पुसण्यात, हे जेवण गेल्यावर कळतं.

संध्याकाळी तो पायी घरी निघाला. बेकरीसमोर त्याची पावलं नेहमीसारखी मंद झाली. वास येत होता. गंमत म्हणजे नाकाला काहीही झालं नव्हतं, उलट नाक जास्तच शहाणं झालं होतं. भाजलेल्या पिठाचा वास कुठे संपतो आणि लोण्याचा कुठे सुरू होतो हे त्याला आता वेगळं काढता यायचं. तो तिथे उभा राहिला आणि मग त्याला वाटलं, आतला बेकरीवाला आपल्याला बघून आता पावावर फडकं टाकेल की काय. तो घाईने पुढे सरकला. चार दुकानं सोडून एक लोकरीचं दुकान होतं. त्याच्या काचेत हिरव्या लोकरीच्या लडी टांगल्या होत्या, एकाच हिरव्याच्या सहा छटा, फिक्यापासून गडदपर्यंत, आणि त्यातली तिसरी अशी होती की तिच्याकडे बघताना त्याच्या जिभेच्या मुळाशी काहीतरी हललं. काय ते त्याला कळलं नाही. तो आत गेला आणि ती लड घेतली. दुकानदारबाईंनी किती नंबरच्या सुया हव्यात असं विचारलं तेव्हा त्याने न अडखळता दहा नंबर म्हणून सांगितलं आणि सांगून झाल्यावर स्वतःच चकित झाला. सत्तेचाळीस वर्षांत त्याने सुई हातात धरली नव्हती.

घराचा दरवाजा त्याने स्वतःच्या किल्लीने उघडला. बायको टपालघरातून त्याच्या आधी येते. ती तिथे पत्रांच्या वर्गवारीला आहे, भिंतभर खण आणि समोर ढीग, आणि सव्वीस-सत्तावीस वर्षं पत्ते वाचून वाचून तिचं बोलणंही पत्त्यासारखं झालं आहे, मोजकं आणि नेमकं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून बारीक आवाज येत होते, टप्, मग सरसर, मग पुन्हा टप्. ती मटार सोलत होती. शेंगेच्या पोटावर अंगठा दाबला की होणारा तो आवाज आणि मग दाणे भांड्यात पडल्याचा. मध्येच आवाज थांबला, म्हणजे तिने चार दाणे तोंडात टाकले असणार. ती नेहमी टाकते. त्याने बूट काढताना मुद्दाम नव्हे पण आवाज केला, आणि आतला आवाज तुटला. कपाट उघडलं, काहीतरी आत गेलं, कपाट लागलं. नळ सुरू झाला. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘आज लवकर.’

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पाच महिने. पाच महिन्यांत त्याने तिला जेवताना पाहिलं नव्हतं. तो घरी आल्यापासून ती त्याची पिचकारी, त्याचं पांढरं अन्न, त्याच्या औषधांच्या वेळा सांभाळत होती, आणि स्वतः त्या लोटलेल्या दाराआड, बहुधा ओट्याशी उभ्यानेच, ताटलीचा आवाज होऊ नये म्हणून नळ सोडून जेवत होती. तो नळाचा आवाज तो रोज ऐकत होता. ही भांडी फार घासते असं त्याला वाटायचं. तो आरामखुर्चीत बसला. ऑफिसातल्या लोकांनी एकदा केलं, हिने दीडशे दिवस केलं.

त्याने लोकर काढली. लडीचा गुंडा करायला कुणालातरी समोर हात धरावे लागतात, म्हणून त्याने ती आपल्याच दोन्ही गुडघ्यांत अडकवली, जशी आत्या अडकवायची. आत्या मोजे विणायच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर यंत्राशी उभी राहून घरी आली की पुन्हा हाताने विणायची, आणि वडील म्हणायचे की हिचं डोकं ठिकाणावर नाही. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या अंगाला सूज आली, मूत्रपिंडाचं काहीतरी दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी चार महिने अंथरूण आणि बिनमिठाचं जेवण सांगितलं. बिनमिठाचं जेवण नऊ वर्षांच्या जिभेला म्हणजे ओला कागद. तो रडायचा, ताटली ढकलायचा. एका दुपारी आत्याने त्याच्या उशाशी एक लोकरीचं बिस्कीट आणून ठेवलं. गोल, बदामी रंगाचं, कडेला नक्षी, मधे सात भोकं, आणि त्या भोकांखाली काळ्या दोऱ्याने काढलेली मिशी. मिशीवालं बिस्कीट. ‘हे खारं आहे,’ ती म्हणाली होती, ‘पण चावायचं नाही, नुसतं जवळ ठेवायचं.’ त्याने अर्थातच चावलं. आणि ते खरंच किंचित खारट लागलं होतं, आत्याच्या हातांच्या घामाने असेल. तो ते बिस्कीट गालाखाली घेऊन झोपायचा. मग तो म्हणाला मलाही शिकव, आणि तिने शिकवलं; चार महिन्यांत त्याने एक भलामोठा, वाकडातिकडा गळपट्टा विणला, आणि बरा होऊन शाळेत गेल्यावर थोरल्या भावाने ही गोष्ट वर्गात सांगितली, आणि संपलं. आत्याला त्याने तेव्हा काय सांगितलं होतं? कंटाळा आला, असं सांगितलं होतं. तिने सुया धुऊन, पुसून ठेवून दिल्या होत्या. आता ह्या वयात, गुडघ्यात लोकर अडकवून बसलेला असताना, त्याला वाटलं की तिचे आभार मानायचे राहून गेले, आणि हे त्याने पूर्वी कधीच मनात आणलं नव्हतं.

पहिल्यांदा नुसते टाके घालून बघितले. डोक्याला काही आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं. डोकं मधे आलं की टाका गळायचा. शनिवारी सकाळी तो खिडकीशी बसला आणि सहा टाक्यांपासून सुरुवात करून दर ओळीला वाढवत चोवीसपर्यंत नेलं, चार ओळी तशाच विणल्या, मग दोन-दोन टाके एकत्र घेत पुन्हा सहावर आणलं, कडा शिवली, आत कापूस कोंबला आणि दोरा ओढून तोंड आवळलं. मटारचा दाणा व्हायला हवा होता. कापूस जास्त झाल्यामुळे तो लिंबाएवढा झाला होता आणि एका बाजूला त्याला टेंगूळ आलं होतं. त्याने काळ्या दोऱ्याने त्याला दोन डोळे काढले. तोंड काढताना दोरा ओढला गेला आणि हसायच्या ऐवजी दाण्याचं तोंड वाकडं झालं, जेवण अळणी झाल्यासारखं. तेवढ्यात बायको केर काढत आली. केरसुणी थांबली.

‘हे काय आहे?’

‘मटार.’

तिने तो दाणा हातात घेतला, फिरवून पाहिला. तिच्या कपाळावर ती पत्ता न लागणाऱ्या पत्रासाठीची आठी आली. मग ती म्हणाली, ‘हा तर आमचा पोस्टमास्तर आहे,’ आणि हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग ती खालीच बसली, केराशेजारी, आणि हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी पुसत असताना तिचं हसणं केव्हा थांबलं आणि दुसरं केव्हा सुरू झालं हे दोघांनाही कळलं नाही. तो खुर्चीतून उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसला. पोस्टमास्तर दोघांच्या मधे होता.

पुढचे दाणे सुधारत गेले. दुसरा गुळगुळीत झाला आणि हसरा. तिसऱ्याच्या भुवया उंचावलेल्या. चौथा झोपलेला. पाचवा सगळ्यांत लहान, कारण लोकर पुरेल की नाही या शंकेने हात आखडला होता. मग गडद हिरव्याची दुसरी लड आणून शेंग सुरू केली, दोन्ही टोकांना निमुळती. सगळ्या ओळी सुलट दिसतील असं विणलेलं कापड कडांना आपोआप आत वळतं. लहानपणी ह्या वळण्याचा त्याला राग यायचा, आत्या म्हणायची तो कापडाचा स्वभावच आहे, त्याच्याशी भांडू नये. इथे ते वळणंच कामाला आलं. पाच दाणे आत ठेवले आणि शेंगेने त्यांना दोन्ही बाजूंनी अलगद धरलं. हातभर लांबीची, मऊ, मधे फुगीर. दाणे काढता-घालता येत होते. छातीशी धरायला ती नेमकी बेताची होती, हे त्याने घरात कुणी नसताना करून बघितलं, आणि कुणी नाही हे पुन्हा एकदा खात्रीने बघून मग आणखी थोडा वेळ केलं. किरणांनी भाजलेल्या मानेला लोकर टोचेल असं वाटलं होतं. टोचली नाही.

दर मंगळवारी त्याला इस्पितळात गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जावं लागे. तरुण, उंच, अतिशय शांत बाई. त्यांनी पहिल्या दिवशी एक आकृती काढून दाखवली होती, अन्नाचा रस्ता, हवेचा रस्ता आणि मधली झडप, आणि त्याने पेन्सिल मागून घेऊन ती झडप दुरुस्त करून दिली होती, कारण त्यांनी काढलेली उलटी उघडत होती. तेव्हापासून त्यांचं जमलं. पण व्यायाम जमत नव्हते. जीभ टाळूला लावा, हनुवटी खाली घ्या, गिळा. गिळायला काही नाही, लाळही नाही, तोंड म्हणजे उन्हाळ्यातली विहीर. कोरडं गिळताना घसा दाराची बिजागरी करकरावी तसा करकरायचा आणि तो खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसायचा. त्या मंगळवारी पिशवीतून शेंग बाहेर डोकावत होती. बाईंनी विचारलं, त्याने ओशाळून सांगितलं. त्यांनी ती मागून घेतली, पोस्टमास्तर बाहेर काढला, आत ठेवला, आणि म्हणाल्या की खुर्ची सोडा, हे धरा. मग म्हणाल्या, आता मला मटाराबद्दल सांगा. व्यायाम नाही, नुसतं सांगा.

तो सांगू लागला. पहिल्या मोसमातले मटार कोवळे असतात, ते सोलता सोलता निम्मे तोंडात जातात. दातांखाली आधी एक पातळ साल फुटते, मग आत पीठ नसतं, पाणीही नसतं, त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी असतं, आणि ते गोड असतं पण गोड म्हणून लक्षात यायच्या आत संपतं, म्हणून दुसरा दाणा घ्यावा लागतो. बोटं लोकरीच्या दाण्यावर दाबली जात होती. आणि बोलता बोलता तो थांबला, कारण जिभेखाली, डाव्या बाजूला, एक थेंब जमा झाला होता. एकच. पाच महिन्यांत पहिला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तो बाईंकडे बघत राहिला, बोलायला घाबरत, जणू बोललं तर सांडेल. बाईंना कळलं. त्या हळूच म्हणाल्या, ‘हनुवटी खाली. गिळा.’ त्याने गिळलं. करकर झाली नाही. इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना त्याला लोकांना थांबवून सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? थुंकी गिळली म्हणून?

ऑफिसात शेंग न्यायचं त्याने ठरवलं नव्हतं. पिशवीत राहून गेली आणि आरेखनाच्या टेबलावर पिशवी कलंडली. टायपिस्टबाईंनी पाहिली. त्यांच्याकडून ती दुसऱ्या टेबलावर गेली, तिथून साहेबांच्या खोलीत, आणि साहेबांनी झोपलेला दाणा कुणावर बेतला आहे याची चौकशी केल्याचं परत आलं. दुपारी तो किल्ली घ्यायला जेवणाच्या खोलीत गेला तेव्हा शेंग टेबलावर होती, त्याच्या जुन्या जागेपुढे, एका रिकाम्या ताटलीत ठेवलेली. आणि बाकीचे डबे झाकलेले. रेडिओ उभा होता, कान लाल. तो म्हणाला की मालक, राग मानू नका, गंमत म्हणून ठेवली, उचलतो. खरंच उचलायला त्याने हात पुढे केला.

राहू दे, असं तो म्हणाला. मग त्याने खुर्ची ओढली आणि बसला. तो कामावर परतल्यापासूनच्या एकवीस दिवसांत त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, हे तिच्या पाठीवर टांगलेल्या तीन छत्र्यांवरून दिसत होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला वाटलं, हे आता बोललो नाही तर निवृत्त होईपर्यंत कपाटांच्या मधे बसावं लागेल.

‘माझं तोंड बंद आहे, नाक नाही,’ तो म्हणाला. ‘डबे उघडा. मला वास हवाय.’

मग टायपिस्टबाईंनी झाकण काढलं आणि डबा उचलून, दोन्ही हातांनी, त्याच्या नाकाशी धरला. त्याने डोळे मिटले. फोडणी जरा पुढे गेली आहे, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, फोन आला होता हो. आणि मग सगळे डबे पूर्वीसारखे सरकत सरकत त्याच्यापुढे येऊ लागले. रेडिओ बोलायला लागला आणि त्याने जेवण संपेपर्यंत श्वास घेतला नाही. तो तिथे शेंगेवर हात ठेवून बसला होता, पाच माणसांच्या चावण्याच्या, भुरकण्याच्या, चमच्यांच्या आवाजात, आणि त्याच्या मनात एवढंच होतं की ही माणसं किती चांगली आहेत, आणि मी त्यांना तीन आठवडे एका बंद दाराबाहेर ठेवलं, आणि त्यांना वाटत राहिलं की दार त्यांनी लावलंय.

ऑफिसातलं सोपं होतं. घरचं अवघड होतं, कारण बायको लपवते हे आपल्याला कळलंय, हे तिला कळू द्यायचं म्हणजे तिचे दीडशे दिवस तिच्यापुढे मांडायचे. त्याने दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी नळाचा आवाज सुरू झाला तेव्हा तो उठला, स्वयंपाकघराचं दार उघडलं, आत गेला, नळ बंद केला आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं. ती ओट्याशी उभी होती, हातात ताटली, तोंडात घास. चोरी पकडल्यासारखी तिची नजर खाली गेली. दुसरं स्टूल घेऊन तो समोर बसला. बऱ्याच वेळाने तिने तो घास गिळला.

‘मला तुमच्यासमोर खाववत नाही,’ ती म्हणाली.

‘मला तुझ्याशिवाय खाववत नाही,’ तो म्हणाला. ‘कसं झालंय ते सांग.’

‘ठीक झालंय.’

ठीक म्हणजे काय, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, ठीक म्हणजे ठीक. पत्त्यात पिनकोड लिहिलाय, गावाचं नाव नाही, असं तो म्हणाला तेव्हा ती जराशी हसली आणि दुसरा घास घेऊन चावता चावता विचार करू लागली. त्या दिवशी फक्त ‘आंबट, पण मागाहून’ इतकं निघालं. तिला ह्याची सवय नव्हती. तिने आयुष्यभर भूक लागली म्हणून खाल्लं होतं, चवीचं बोलणं हे नवऱ्याचं खातं होतं. पण ती काम नीट करणारी बाई आहे. हळूहळू ती कागदावर टिपल्यासारखं लक्षात ठेवू लागली. टपालघरात काय खाल्लं, ते कसं होतं, गरम होतं की निवलेलं, हे संध्याकाळी येऊन सांगू लागली. एकदा एका नासपतीबद्दल ती इतकं नीट बोलली की त्याने विणकाम खाली ठेवलं. नासपती खाताना आपण रेतीवरून चालतोय आणि रेती गोड आहे, असं ती म्हणाली. ह्या बाईशी तो एकतीस वर्षं एका घरात राहत होता आणि तिच्यात हे वाक्य होतं. आजार नसता तर ते कधी बाहेर आलंच नसतं. असा विचार करून तो जरा घाबरला, आजाराचे आभार मानायचे नव्हते त्याला, आजाराने फार हाल केले होते. त्याने ते आभार तिच्याच नावे पाठवून दिले, मनातल्या मनात.

दोन महिन्यांनी परीक्षा झाली. गिळताना यंत्रातून बघतात. पांढरा, घट्ट, खडूसारखा द्राव चमच्याने दिला, त्याने हनुवटी खाली घेतली आणि गिळला, आणि पडद्यावर त्याला स्वतःच्या मानेची हाडं आणि त्यांच्यापुढून खाली जाणारी एक काळी रेघ दिसली. झडप मिटली, वेळेवर. रेघ नीट आपल्या वाटेने गेली. शेवटी थोडी रेंगाळली, मग तीही गेली. बाईंनी दिवसाला पाच चमचे कबूल केले. गाळलेलं, घट्टसर, कोमट. नळी राहणारच होती, कदाचित वर्षभर, कदाचित कायमची, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण पाच चमचे. रेडिओला फोनवर सांगितलं तेव्हा तो चक्क गप्प झाला.

बायकोने रजा घेतली. दुपारी तिने मटार उकडून, वाटून, गाळून, त्यात थोडं दूध घालून सार केलं आणि वाटीत घेऊन आली. टेबल पुसलेलं होतं, दोन खुर्च्या, एक वाटी, एक चमचा. तिने हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघत बसली. त्याने पहिला चमचा तोंडात घेतला. कोमट होतं. गुळगुळीत होतं. त्याने जिभेवर ते थांबवून धरलं, वाट बघितली, मग हनुवटी खाली घेऊन गिळलं आणि पुन्हा वाट बघितली.

काहीच नव्हतं. लोखंडाचा एक दूरचा वास, बस. डॉक्टरांनी सांगितलं होतं की किरणांनी चव जाते, येईल तेव्हा येईल, नाहीही येणार. त्याने ते ऐकलं होतं, पण ऐकणं आणि हे यांत फार अंतर होतं. एवढे दिवस जिभेत ज्याची आठवण जपली ते दाराशी आलं होतं आणि आतून कुणी ओ देत नव्हतं. बायको पुढे झुकली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून त्याला खोटं बोलावंसं वाटलं. छान झालंय म्हणायचं, तिचा जीव भांड्यात पडला असता. पण दोन महिने ती त्याच्याशी चवीबाबत एकदाही खोटं बोलली नव्हती.

‘चव लागत नाही,’ तो म्हणाला. ‘काहीच.’

मग तिने त्याच्या हातातला चमचा घेतला, त्याच वाटीतून थोडंसं घेतलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं.

‘गोड आहे,’ ती डोळे मिटूनच म्हणाली, ‘पण साखरेसारखं नाही. सकाळी गवत कापतात तेव्हा वास येतो ना, तो जिभेवर बसला तर कसा लागेल, तसं. मग दूध येतं. दूध आल्यावर गवत जरा मागे जातं, जात नाही पूर्ण. आणि शेवटी मिरी. मी एकच दाणा घातलाय. तो इथे लागतो.’ तिने स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, कानाखाली, जिथे त्याच्या गळ्यावर व्रण होता.

तिने डोळे उघडले आणि चमचा परत दिला. त्याने दुसरा चमचा घेतला. जिभेवर पूर्वीसारखंच काही नव्हतं, कोमट आणि गुळगुळीत. पण आता त्याला माहीत होतं, कशानंतर काय येतं. त्याने गवताची वाट पाहिली, मग दुधाची, आणि गिळताना मिरी कुठे लागली असती तिथे ती लागू दिली. घसा स्वच्छ मोकळा झाला. तिसरा. चौथा. तो इतका सावकाश जेवत होता की वाटीवर साय धरली. जेवत होता, असं त्याच्या मनात आलं. ते क्रियापद आपोआप येऊन बसलं.

पाचवा चमचा त्याने काठोकाठ भरला आणि टेबलावरून तिच्यापुढे धरला.

‘हा तू घे,’ तो म्हणाला, ‘आणि परत सांग. ह्या वेळी सायीसकट.’